डबा तिथेच राहील

घरात वायफायचा डबा कुठे ठेवायचा हे कर्ता पुरुष ठरवत नाही, त्याची बायको ठरवत नाही आणि वास्तुशास्त्र सांगत फिरणारे गृहस्थही ठरवत नाहीत. ते वायर ठरवते. खांबावरून निघालेली फायबरची वायर रस्ता ओलांडते, लिंबाच्या फांदीला टेकते, समोरच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरते आणि तिथून दोन हातांवर संपते. जिथे ती संपते तिथे डबा बसतो. “मधल्या खोलीत बसवता आला तर बघा की,” असं कुणी चाचरत म्हणालंच, तर वायरवाल्या पोराचं उत्तर तयार असतं: “बसवतो की मामा, पण वायर पुरायची नाही. इथंच टीव्हीवर लावतो, ह्याची रेंज लई असते.” या ‘लई’वर विसंबून घर पुढची कित्येक वर्षं काढतं. भिंतींचा रंग बदलतो, टीव्ही बदलतो, सून येते, नातू होतो, ग्रामपंचायतीत सत्तांतर होतं. डबा मात्र तिथेच. मग एके रात्री मागच्या खोलीत सिनेमा अडकतो, खलनायकावर उगारलेला नायकाचा हात हवेतच थांबतो, पडद्यावर गोल चक्र फिरू लागतं आणि घरात मेश वायफाय, म्हणजे एकाच्या जागी दोन-तीन डब्यांचा संच, हा विषय निघतो. माझं म्हणणं असं, की मेश हे तंत्र उत्तम आहे. पण बहुतेक घरांत ते लहरी कमी पडल्या म्हणून येत नाही, डबा हलवायला कोणी तयार नाही म्हणून येतं.

हे तपासून पाहायला कनेरगाव नाक्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना मराठवाडा इथे संपत येतो आणि विदर्भ समोर दिसू लागतो. पूर्णा-अकोला मार्गावरचं रेल्वे स्टेशनही गावाला आहे. या भागातलं जुनं घर एकदा बांधून संपलेलं नसतं, ते पिढीगणिक लांबत गेलेलं असतं. मूळ घर माळवदाचं, दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींचं, त्यात कुठे धान्याचं बळद. रस्त्याच्या बाजूला पुढे काढलेल्या दोन खोल्या सिमेंटच्या, वर सळईचा स्लॅब. मागे पत्र्याचं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे गोठा. आता टीव्हीवरच्या डब्यातून निघालेल्या लहरीने काय काय ओलांडायचं ते बघा. आधी शोकेसचा आरसा. मग लोखंडी कपाट, ज्यात सातबारा, सोनं आणि लग्नाचा अल्बम असतो. मग मातीची भिंत. सुगी झाली असेल तर सोयाबीनच्या पोत्यांची छताला टेकलेली थप्पी, आणि धान्य वाळवलेलं असलं तरी त्यात ओलावा असतोच. एवढं करून जी लहर स्वयंपाकघराच्या दारात पोहोचते तिच्या समोर उभी असते मांडणी, स्टीलच्या भांड्यांनी खचाखच भरलेली. धातू लहरीला आत सोडत नाही, परतवून लावतो. तेव्हा आत्याबाईंनी दिलेल्या आहेराच्या परातीवर आपटून ती मुकाट्याने माघारी फिरते आणि स्वयंपाकघरातून हाक येते, “अगं माय, नेट पुन्हा गेलं का?” नेट गेलेलं नसतं. ते परातीपर्यंत आलेलं असतं.

लहर म्हटली की ती कशातूनही आरपार जाते असा आपला एक समज आहे, आणि हिंगोली जिल्ह्याने तो बाळगायला हरकतही नाही. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेझर, आणि या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो टिपायचा, असं हे यंत्र. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणींनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं चालून आली होती. म्हणजे ज्या जिल्ह्यात अशा लहरी पकडायची तयारी चालू आहे, त्याच जिल्ह्यात ओसरीतली लहर माजघरात पोहोचेना. यावर शास्त्र शिकलेला वाचक लगेच हरकत घेईल, की दोन लहरींची जातच वेगळी. गुरुत्वीय लहर अख्ख्या पृथ्वीतून आरपार जाते, तिला माळवद आणि बळद सारखंच. हरकत शंभर टक्के बरोबर, आणि माझ्याच बाजूची. जी लहर कशालाही अडत नाही ती पकडणारं यंत्र कुठे ठेवायचं हे ठरवायला शास्त्रज्ञांनी देशभरातल्या कितीतरी जागा पाहिल्या, जमीन किती शांत आहे हे मोजलं, आणि मगच औंढ्याचं नाव घेतलं. आणि जी लहर परातीलाही अडते तिच्या डब्याची जागा, पायातली चप्पल न काढता, खिडकीतून डोकावून ठरते.

वायफायची लहर म्हणजे काही गूढ प्रकार नाही. २.४ गिगाहर्ट्झवाली साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झवाली त्याच्या निम्मी. पहिलीवर नेट हळू चालतं पण ती भिंत सोसते. दुसरीवर ते जोरात पळतं पण ती पहिल्या जाड भिंतीलाच दम टाकते. याचा अर्थ डबा उंचावर, उघड्यावर आणि घराच्या मध्याजवळ हवा. आता आपल्याकडे तो कसा असतो? आपल्याकडे किमती वस्तू उघडी ठेवायची पद्धतच नाही. फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी, आणि नव्या सोफ्याचं मूळ कापड तर पहिल्या पाच वर्षांत घरच्यांनाही दिसत नाही. तेव्हा डब्यावर क्रोशाचा रुमाल आलाच. तो लहर अडवत नाही, डबा तेवढा तापवतो. खरी अडचण त्याच्या पुढची: रुमालासकट डबा शोकेसच्या काचेआड जातो, मागे आजोबांचा हार घातलेला फोटो, बाजूला ‘उत्कृष्ट सरपंच’ लिहिलेली पितळी ढाल. वास्तुशास्त्रवाले घराचा मध्य मोकळा ठेवा म्हणून कानीकपाळी ओरडत असतात. त्यांचं ऐकून कुणी तो मोकळा ठेवलाच, तर तिथे डबा लटकवायला झकास जागा होते. शास्त्र आणि वास्तुशास्त्र यांचं एकमत व्हायची एवढी एकच संधी, तीही आपण दळणाचे डबे ठेवून घालवतो.

डबा हलवत का नाहीत, याचीही कारणं तयार असतात. पहिलं कारण, “चालू आहे ना? मग हात लावू नका.” दुसरं, तो हलवायचा हक्क नक्की कोणाचा हे घरात ठरलेलं नसतं. समोरच्या खोलीत बसणाऱ्या आबांना तिथे रेंज भरपूर असते आणि आतल्यांची तक्रार त्यांना पटत नाही. “मागच्या खोलीत नेट येत नाही” याला त्यांचं उत्तर, “मग पुढं येऊन बसा की, माणसांत.” आता हे उत्तर तंत्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण मागच्या खोलीत ज्यांना नेट हवं असतं, त्यांना ते माणसांत नको म्हणूनच मागच्या खोलीत हवं असतं. हा प्रश्न डेसिबलने सुटणारा नाही. कोणीतरी फोनवर एखादं अ‍ॅप टाकून मोजायचा प्रयत्न करतो आणि आबांना समजावतो, की उणे तीसला सिग्नल जबरदस्त, उणे सदुसष्टपर्यंत सिनेमा नीट चालतो, उणे ऐंशीला राम म्हणायचं. “म्हणजे उणे जितकं कमी तितकं बरं? हे तर सोसायटीच्या कर्जासारखंच झालं,” असं म्हणून आबा विषय बंद करतात. मोजमापाचा उपयोग एवढाच होतो, की भांडणाला आकडे मिळतात. फोनवर दिसणाऱ्या काड्यांचं तर नावच नको. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. त्यामुळे एकाच खाटेवर बसलेल्या दोन भावांच्या फोनमध्ये एकाला चार काड्या आणि दुसऱ्याला दोन, आणि दोन काड्यावाल्याला वाटतं की थोरल्याने इथेही जास्त वाटा उचलला.

अशा घरात दिवाळीला पुण्याहून पोरगा येतो, हिंजवडीत नोकरी करणारा, आणि बरोबर मेशचं खोकं आणतो. मेशचा विचार तसा साधा आहे: एकाच्या जागी दोन-तीन डबे, सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक, आणि त्यांनी आपसात बोलून घरभर नेट पोहोचवायचं. अमेरिकेत ईरो नावाच्या कंपनीने २०१६ मध्ये असा घरगुती संच बाजारात आणला, आणि नंतर गूगल, टीपी-लिंक अशा सगळ्यांनीच आणले. खोक्यावर लिहिलेलं असतं की एवढे हजार चौरस फूट व्यापतो. ते खोटं नसतं, फक्त ज्या घरांत लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून भिंत म्हणतात, त्या घरांना ते जास्त लागू पडतं. ती भिंत हाताने वाजवली तर पलीकडचा “कोण?” म्हणतो. आपल्याकडे भिंतीत खिळा ठोकायचा तर ड्रिल भाड्याने आणावं लागतं. दुसरा मोठा आकडा वेगाचा. ‘एएक्स ३०००’ हे नाव कसं तयार होतं? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा कमाल वेग ५७४, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा २४०२, बेरीज २९७६, आणि उरलेले २४ कंपनीच्या प्रेमापोटी. कुठलाही साधा फोन एका वेळी यातला एकच पट्टा वापरतो, पण बेरीज करायला काय जातं? आणि खांबावरून घरात येणारं मूळ नेट असतं ४० किंवा १०० एमबीपीएसचं. एचडी सिनेमाला साधारण ५ लागतात. म्हणजे चाळीसच्या नेटवर घरातली सगळी माणसं एकाच वेळी वेगवेगळे सिनेमे बघत बसली तरी पुरावं, आणि तरी भाकरी भाजून झाल्यावर कुणीतरी विचारावं, “तीन हजारवाला नाही का मिळत?”

मग जोडणी. ही रात्री करतात, कारण दिवसा सगळ्यांना नेट लागतं. जोडणीसाठी अ‍ॅप लागतं, अ‍ॅप उतरवायला नेट लागतं, आणि नेटसाठीच तर हा खटाटोप. शेवटी शेजारच्या भाच्याच्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन मुहूर्त होतो. अ‍ॅप आधी ब्लूटूथ मागतं, मग ईमेल मागतं, मग आपण नेमके कुठे आहोत हे जाणून घ्यायची परवानगी मागतं. ही चौकशी वायर आणणाऱ्या पोराने केली असती तर ही वेळच आली नसती. डब्यावरचा दिवा लुकलुकतो. एका कंपनीत पांढरा म्हणजे सगळं ठीक, दुसरीत हिरवा म्हणजे ठीक, लाल मात्र सर्वधर्मसमभावाने वाईट. त्यात जुना डबाही चालूच असतो आणि नव्याला त्याची वर्दी नसते. दोघेही स्वतःला घराचा कर्ता समजून आपापले आयपी पत्ते वाटत सुटतात. यावर एकाला नुसता पूल बनवायचा, म्हणजे ब्रिज मोडवर टाकायचा, असा उपाय सेटिंगमध्ये असतो. तो सापडेपर्यंत पहाटेचे कोंबडे आरवतात आणि गोठ्यातली म्हैस, जिला या सगळ्याचं काही नाही, धार काढायला बोलावते.

या सगळ्यात खरी कसोटीची घटका म्हणजे दुसरा डबा ठेवायचा क्षण. इथे माझं मूळ विधान सिद्ध होतं. सगळं घर एकमुखाने सांगतं, की जिथे नेट नाही तिथे ठेव. पोरगा सांगतो, तसं चालत नाही. दुसऱ्या डब्याला पहिल्याकडून नेट घ्यायचं असतं. जिथे सिग्नलच नाही तिथे बसवला तर तो काय वाटणार? त्याला मध्यावर ठेवायचा, जिथे सिग्नल अजून बरा आहे. “म्हणजे जिथं नेट आहे तिथं डबा ठेवायचा?” “हो.” “आणि जिथं नाही तिथं ठेवायचा नाही?” “नाही.” “मग आणला कामून?” या प्रश्नावर पुण्याचं सगळं शिक्षण गारठतं. तडजोड म्हणून दुसरा डबा मागच्या खोलीत जातो, सिग्नलच्या हद्दीबाहेर, आणि तिथे लाल दिवा लावून शांतपणे बसतो. खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू लागतं. पहिला डबा अर्थातच टीव्हीवर, शोकेसमध्ये, रुमालाखाली. आठ-दहा हजार रुपये खर्च होऊनही ज्या एका गोष्टीला कोणी हात लावला नाही ती हीच.

समजा जागा बरोबर जमली, तरी एक हिशेब उरतो, आणि तो नाक्यावरच्या माणसाला चटकन कळेल. निजामाचं हैदराबाद संस्थान आणि इंग्रजांच्या कारभाराखालचं वऱ्हाड यांची हद्द याच पट्ट्यातून जायची, आणि संस्थानाचं जकातखातं करोडगिरी या नावाने प्रसिद्ध होतं. मेशचा प्रत्येक बिनतारी डबा म्हणजे असा एक नाका. साध्या दोन पट्ट्यांच्या संचात डबा ज्या रेडिओवर नेट घेतो त्याच रेडिओवर पुढे देतो. दोन्ही कामं एका वेळी जमत नाहीत, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत २०० चा वेग मिळाला तर दुसऱ्याच्या पुढे १००, तिसऱ्याच्या पुढे ५०. गोठ्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत माल पोहोचतो तेव्हा पोतं रिकामं आणि पावत्या भरपूर. तीन पट्ट्यांचे संच नाक्यांमधल्या वाहतुकीला वेगळा रस्ता देतात, पण त्यांची किंमत ऐकून माणूस हिंगोलीच्या बाजारात हळदीचा भाव काय चाललाय ते विचारू लागतो. संस्थान १९४८ मध्ये गेलं, मुंबईची जकातसुद्धा २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली. घरातली मात्र आपण हौसेने, हप्त्यांवर सुरू केली.

यावर म्हणतील, मग साधा एक्स्टेंडर घ्यावा, हजार-दीड हजारात काम. त्याची जकात तेवढीच, वर बहुतेक वेळा नाव वेगळं. स्वयंपाकघरात गेलं की फोनवर हाताने नेट बदलायचं आणि ओसरीत आलं की पुन्हा बदलायचं. मेशमध्ये हे आपोआप होतं असं सांगतात. बरंचसं होतं, पण कोणत्या डब्याला धरायचं हे शेवटी फोन ठरवतो, डबे फक्त सुचवू शकतात. ओसरीतला डबा ज्याने एकदा धरला तो फोन मागच्या खोलीतल्या डब्याशेजारी झोपला तरी त्याची एक काडी सोडत नाही. दुसरा आक्षेप, आता ५जी आलं, १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात आहे, वायफाय हवंच कशाला? हवं, कारण टीव्हीला आणि गोठ्यातल्या कॅमेऱ्याला सिमकार्ड नसतं. आणि दोन फुटांची मातीची भिंत मोबाइलच्या टॉवरलाही तितक्याच निष्पक्षपणे अडवते. तिसरा आक्षेप तब्येतीचा. “झोपायच्या खोलीत डबा नको, लहरींनी डोकं दुखतं,” असं सांगणाऱ्याच्या उशीखाली चालू फोन असतो, चार्जिंगला लावलेला. चौथा मुद्दा आक्षेप नसून ब्रह्मास्त्र आहे: पोरांचा अभ्यास. मराठी घरात रंगीत टीव्हीपासून एसीपर्यंत कुठलीही वस्तू पोरांच्या अभ्यासाशिवाय आलेली नाही. एमपीएससी करणारा पोरगा घरात असेल तर तिसरा डबाही येतो, आणि तो कुठे बसतो? पोराच्या खोलीत नव्हे. गच्चीच्या जिन्यात, कारण काकांना रात्री तिथे क्रिकेट बघायचं असतं.

शिवाय ‘बिनतारी’ म्हणवणाऱ्या या मेशला प्रत्येक डब्यामागे एक तार लागतेच, विजेची. जुन्या घरात खोलीला एक प्लग असतो आणि त्यावर कूलर, मिक्सर, मोटारीचा चार्जर आणि पाहुण्यांचे फोन यांची पाळी लागलेली असते. वर्षभर नीट चाललेलं मेश कशाने बंद पडतं याचा शोध घेतला तर तांत्रिक बिघाड क्वचितच सापडतो. बहुधा कुणीतरी दोन मिनिटं पीठ मळायचं मशीन लावायला डबा काढलेला असतो आणि ती दोन मिनिटं पोळा ते दसरा चालतात. लाईट गेली तर तीन डब्यांना तीन बॅटऱ्या. आणि सगळं बंद पडून पुन्हा जोडायची वेळ आली, की कळतं की अ‍ॅप पुण्यात आहे. खातं पोराच्या ईमेलवर, ओटीपी पोराच्या फोनवर, पोरगा मीटिंगमध्ये. “ओटीपी सांग रे,” असं फोनवर ओरडून विचारलं की तो दबक्या आवाजात आकडे सांगतो, एक आकडा चुकतो, मुदत संपते, आणि पुढच्या संदेशात पुन्हा तेच वाक्य येतं, की हा ओटीपी कोणालाही सांगू नका. लेख लिहिणाऱ्यांची जात या प्रसंगी सगळ्यात सुखी. नेट गेलं की मजकूर उशिरा पाठवायला त्यांना सबब मिळते; ती मिळावी म्हणून तेही डबा हलवत नाहीत.

आता उपाय सांगायचा तर तो इतका स्वस्त आहे की कोणी मनावर घेत नाही. एक साधी कॅट ६ ची तार. शंभर मीटरपर्यंत ती वेग पडू न देता नेट नेते, मीटरला दोन-तीन चहांचे पैसे पडतात, आणि मातीच्या भिंतीला तिचं काही वाटत नाही. जुना डबा तारेने मध्यापर्यंत आणा. मेश घेतलंच असेल तर त्याचे डबे एकमेकांना तारेने जोडा, म्हणजे नाक्यांवरची जकात माफ. बिनतारी नेट सुधारायचा उत्तम मार्ग तार ओढणं हा आहे, आणि नेमकी हीच गोष्ट सांगितली की घर दुखावतं. “तार दिसते, बरं दिसत नाही.” ज्या भिंतीवरून डिशची केबल, इन्व्हर्टरची वायर, मोटारीचं स्टार्टर, गणपतीच्या माळेची कायमची राहून गेलेली वायर आणि कपडे वाळत घालायची दोरी गेलेली आहे, त्या भिंतीला या एका तारेने अवकळा येते. “भिंतीला भोक पाडावं लागेल.” भोक आहे, कूलरच्या पाइपासाठी पाडलेलं, आणि त्यातून आजवर फक्त सरडे ये-जा करतात.

मेश घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. घर खरंच लांब असेल, दोन मजली असेल, मध्ये माळवद आणि मागे पत्रा असेल तर एका डब्याचं ते काम नाही. अशा घराने दोन डब्यांचा संच घ्यावा, तीनचा नव्हे. पण त्याआधी आठ दिवस एवढं करून बघा. शोकेसमधून डबा बाहेर काढा, रुमाल धुवून देवघरात वापरा, दहा-पंधरा मीटर तार आणून डबा मधल्या खोलीच्या दारावर टांगा आणि मांडणीवरची मोठी परात खालच्या फळीवर ठेवा. आठ दिवसांनीही आतून हाक आलीच, तर खुशाल मेश आणा, पावती आणि खोकं जपून ठेवा, दुसरा डबा सिग्नल असलेल्या जागीच बसवा. आणि अ‍ॅपचं खातं उघडताना मोबाइल नंबर पुण्यातल्या पोराचा नको, रोज घरात असणाऱ्या माणसाचा द्या.